बसून ऐकायचं गाणं

१९९९च्या उन्हाळ्यात जर्सी सिटीत, जर्नल स्क्वेअर स्टेशनपासून दहा मिनिटांवर, आम्ही चौघे दोन खोल्यांत राहत होतो. चौघेही वायटूकेच्या कामासाठी आलेले. संगणकांना २००० साल नीट मोजता यावं म्हणून जुने प्रोग्राम ओळीओळीनं तपासत बसायचं, हे आमचं काम. घरात म्युझिक सिस्टीम एकच होती आणि ती कुणी लावायची यावरून जितकी भांडणं झाली तितकी भांडी घासण्यावरूनही झाली नसतील. माझा प्रतिस्पर्धी कोल्हापूरचा होता. मी ब्लॅक स्टार या रॅप जोडीची सीडी लावली की हा आतून ओरडणार, "काय लेका, सकाळसकाळ कीर्तन लावलंयस! गाणं लाव की!" मग तो जुव्हेनाइल लावायचा. न्यू ऑर्लिन्सचा हा रॅपर त्या उन्हाळ्यात येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांच्या खिडक्यांतून ऐकू येत होता. गाण्याचं रेडिओसाठी सभ्य केलेलं नाव 'बॅक दॅट थँग अप'; सभ्य न केलेलं नाव वाचकांनी ताडावं. मी म्हणायचो, "बंद कर तो तमाशा." तो म्हणायचा, "तमाशाला नावं ठेवू नकोस. आमच्याकडं तमाशाला तिकीट लागतंय, कीर्तन फुकट असतंय."

मी तेव्हा नव्यानं माळ घातलेल्या वारकऱ्यासारखा कडवा होतो. शनिवारी पाथ ट्रेन पकडून नवव्या रस्त्याच्या स्टेशनवर उतरायचं, सहाव्या ॲव्हेन्यूवर थोडं चालायचं आणि एक जिना चढून फॅट बीट्स या रेकॉर्डच्या दुकानात शिरायचं. दुकान लहान, भिंतींना बाराइंची तबकड्या लावलेल्या, आणि गिऱ्हाईक म्हणजे पाठीला दप्तर अडकवलेली विशीतली मुलं. त्यांना 'बॅकपॅकर' म्हणत, आणि त्यात कौतुक कमी, खिजवणं जास्त असे. कुणाच्या कडव्यात अंतर्यमकं किती, कोण रेडिओला विकला गेला, कोण अजून शुद्ध आहे, यावर तिथे तासन्‌तास चर्चा चाले. रॉकस कंपनीची तबकडी हातात असेल तर तुमच्याकडे आदरानं बघितलं जाई, पफ डॅडीचं नाव काढलं तर कीव केली जाई. माझं इंग्रजी डोंबिवलीचं, म्हणून मी मुख्यतः मान डोलवत असे.

एक गोष्ट मी तिथे कुणाला सांगितली नव्हती. अर्धे शब्द मला ऐकून कळतच नसत. घरी येऊन मी ते शोधून, छापून, वाचून समजून घ्यायचो. म्हणजे मला जे रॅप थोर वाटत होतं ते कागदावर थोर दिसत होतं. जुव्हेनाइलचं गाणं कागदावर उतरवलं तर त्यात वाचण्यासारखं फार काही उरत नव्हतं, आणि मी त्याला तेवढ्यावरच नापास केलं होतं.

ही खोट माझ्या लक्षात आणून दिली ती ऑफिसच्या रात्रपाळीतल्या एका सुरक्षारक्षकानं. तिशीतला, ब्रॉन्क्समध्ये वाढलेला कृष्णवर्णीय माणूस. पहाटे तीनच्या सुमाराला मशिन रूमबाहेर त्याच्याशी गप्पा व्हायच्या. एकदा त्यानं माझ्या टेबलावरची सीडी उचलली, उलटसुलट करून बघितली आणि म्हणाला, "हे बसून ऐकायचं." मला वाटलं, तारीफ केली. मग त्यानं विचारलं, "तुला ठाऊक आहे ना, आमच्या वेळी बसायला खुर्च्याच नसायच्या?"

त्याची वेळ म्हणजे सत्तरचं दशक. तो पोरगा असताना सेजविक ॲव्हेन्यूच्या आसपास मैदानात पार्ट्या व्हायच्या, आणि त्याचा मोठा भाऊ त्याला खांद्यावर बसवून न्यायचा. तेवढीच त्याची बसण्याची आठवण.

त्या पार्ट्यांची जन्मतारीख आता शाळेतल्या मुलांनाही पाठ असते : ११ ऑगस्ट १९७३. पत्ता १५२०, सेजविक ॲव्हेन्यू, पश्चिम ब्रॉन्क्स. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे हवे होते, आणि तेही कोपऱ्यावरच्या बाजारातले नकोत, डिलॅन्सी स्ट्रीटवरचे हवेत. पैसे उभे करायला तिनं इमारतीतला करमणुकीचा हॉल भाड्यानं घेऊन पार्टी ठेवली. मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. गाणी लावायला भाऊ क्लाइव्ह, वय १८, जमैकातल्या किंग्स्टनहून सहा वर्षांपूर्वी आलेला, पुढे डीजे कूल हर्क म्हणून नावाजलेला. मला यातलं सगळ्यात आवडणारं हे, की या कलेच्या मुळाशी एका मुलीचा कपड्यांचा हट्ट आणि गल्ल्याचा हिशेब आहे. कलेची प्रेरणा वगैरे नंतर आली.

हर्कचं लक्ष नाचणाऱ्यांच्या पायांवर असे. त्याच्या ध्यानात आलं की गाण्यात एक जागा येते, जिथे गायक थांबतो, बाकीची वाद्यं मागे सरतात आणि नुसता ड्रम-बोंगोचा ठेका उरतो. आणि लोक त्याच जागेची वाट बघत भिंतीला टेकून उभे असतात. या जागेला 'ब्रेक' म्हणतात. ती पाच-दहा सेकंदांत संपते. हर्कनं एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन टर्नटेबलांवर ठेवल्या आणि एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवरचा सुरू, असं करत दहा सेकंदांची दहा मिनिटं केली. जेम्स ब्राउन, इन्क्रेडिबल बोंगो बँडचं 'अपाची'. त्याच्या बाजूला माइक घेऊन कोक ला रॉक हा मित्र ओळखीच्यांची नावं पुकारायचा, मध्येच एखादं यमक फेकायचा. रॅप म्हणजे तेव्हा एवढंच : लग्नाच्या वरातीत बँडवाल्यासोबतचा माणूस ओरडतो त्याचा जरा सुधारलेला अवतार.

मग त्या काळात भारदस्त काय होतं? भारदस्त होतं हार्लेम. तिथे डीजे हॉलीवूड डिस्को तबकड्यांवर लयीत यमकं म्हणायचा, लोकांकडून उत्तरं वदवून घ्यायचा, आणि त्याचा श्रोता कमावता, बूट-कोट घातलेला होता. अशा क्लबांच्या दारात कपडे बघून आत सोडत. ब्रॉन्क्सची कॅनव्हासच्या बुटातली पोरं तिथे दारातूनच परत यायची. म्हणजे उच्च-नीच तेव्हाही होतंच, फक्त ते बुटांवरून ठरत होतं. पुढे हिप हॉपचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ब्रॉन्क्सला गंगोत्री ठरवलं आणि बिचाऱ्या हॉलीवूडला 'तो तर डिस्कोवाला' म्हणून काठावर ठेवलं. माझ्या सुरक्षारक्षकाला हॉलीवूडचं नाव काढलेलं आवडत नसे. "माझ्या काकाचं संगीत," असं म्हणून तो विषय मिटवायचा.

ग्रँडमास्टर फ्लॅशची गोष्ट मात्र मी त्याच्याकडून ऐकली आणि नंतर फ्लॅशच्या मुलाखतींतही सापडली. फ्लॅश इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. हर्कचे जोड ओबडधोबड असतात, ब्रेक ठेक्यावर नेमका पडत नाही, हे त्याला खटके. त्यानं तबकडीवर खडूनं खुणा केल्या, हेडफोनमध्ये आधी ऐकून घेण्याची सोय केली, आणि महिनोन्‌महिने खोलीत बसून असा हात बसवला की सांधा कळूच नये. मग तो हे सगळं घेऊन मैदानात गेला. लोक नाचायचे थांबले. गोळा होऊन, श्वास रोखून, त्याच्या हातांकडे बघत उभे राहिले. आज कुठल्याही कलावंताला असा श्रोता मिळाला तर तो धन्य होईल. फ्लॅश घरी जाऊन रडला. कारण पार्टी थांबली होती. आपलं कसब सांभाळून लोकांना पुन्हा नाचतं करायचं तर माइकवर कुणीतरी बोलता माणूस हवा, हे त्याला त्यातून कळलं. त्यानं काउबॉय नावाच्या मित्राला उभं केलं, मग मेली मेल आला, मग बाकीचे, आणि 'फ्युरियस फाइव्ह' तयार झाले.

ही घटना मला फार महत्त्वाची वाटते. ज्या शब्दांच्या जोरावर आम्ही दुकानात उभे राहून 'हे साहित्य, ते कचरा' असं म्हणत होतो, ते शब्द मुळात लोकांचं कौतुकानं बघत राहणं मोडायला आणले होते.

आता १९७९. स्थळ न्यू जर्सी, एंगलवूड. सिल्व्हिया रॉबिन्सन ही स्वतः गायिका, आणि नवऱ्यासोबत एका डबघाईला आलेल्या रेकॉर्ड कंपनीची मालकीण. पार्टीत पोरं तबकडीवर बडबडतात आणि लोक वेडे होतात, हे तिनं बघितलं आणि याची तबकडी काढायची ठरवलं. खरे एमसी, म्हणजे माइकवर यमकं म्हणणारे, तिला भेटले नाहीत, म्हणून तिनं जे सापडले ते घेतले. त्यातला एक, बिग बँक हँक, पिझ्झाच्या दुकानात कामाला होता. तो ब्रॉन्क्सच्या ग्रँडमास्टर कॅझचं काम बघत असे आणि पिझ्झा लाटताना कॅझच्याच टेप लावून म्हणत असे. संधी आल्यावर त्यानं कॅझच्या वहीतली यमकं घेतली आणि जशीच्या तशी म्हटली. इतकी जशीच्या तशी, की कॅझनं त्यात स्वतःच्या टोपणनावाची अक्षरं गुंफली होती, तीही राहून गेली. 'रॅपर्स डिलाइट' चौदा मिनिटांहून लांब. बिलबोर्डच्या मुख्य यादीत ते ३६व्या क्रमांकापर्यंत गेलं आणि जगानं रॅप पहिल्यांदा ऐकलं. श्रेय म्हणून कॅझचं नाव नाही, पैसाही नाही.

ब्रॉन्क्सनं कपाळावर हात मारला. हे कोण लोक? यांना कुठल्याच मैदानात कधी कुणी पाहिलं नव्हतं! पण त्याहून खोल धक्का वेगळा होता. पब्लिक एनिमी या गटाचा चक डी तेव्हा लाँग आयलंडवरचा विद्यार्थी. अख्खी रात्रभर चालणारी गोष्ट तबकडीवर कशी बसवणार, हेच आपल्याला कळेना, असं त्यानं पुढे सांगितलंय. बसवली चौदा मिनिटांत. आणि बसवल्याबरोबर ती गोष्ट मैदानातून घरात आली. घरात माणूस एकटा असतो, खुर्ची असते, तबकडी पुन्हा पहिल्यापासून लावता येते, शब्द लिहून घेता येतात, शेजारच्याच्या तबकडीशी तुलना करता येते. माझ्या मते रॅपमधला उच्च-नीचतेचा वाद इथे सुरू झाला. मैदानात वाईट एमसीची शिक्षा साधी होती. लोक निघून जात. त्यावर कुणी लेख लिहीत नसे.

उच्च रॅपचं आद्यपीठ म्हणून ज्या गाण्याकडे बोट दाखवलं जातं ते 'द मेसेज', १९८२. वस्तीतली घाण, बेकारी, तुरुंग, तुटलेलं मन. फॅट बीट्समध्ये याबद्दल दुमत असलेला माणूस मला भेटला नाही. व्हिलेज व्हॉइस साप्ताहिकाच्या समीक्षकांनी त्याला त्या वर्षीचं सर्वोत्तम सिंगल ठरवलं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २००२मध्ये राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहाची पहिली यादी केली, तेव्हा हिप हॉपमधून हेच घेतलं. तबकडीवर नाव ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह.

आणि आता गंमत. गाणं, एक कडवं सोडलं तर, त्यांनी लिहिलेलं नव्हतं. ते लिहिलं एड फ्लेचर यानं, जो सिल्व्हियाच्या कंपनीत पगारी वादक होता. न्यू जर्सीतल्याच एलिझाबेथ गावी, आईच्या घराच्या तळघरात. माझ्या जर्सी सिटीच्या खोलीपासून ते गाव रेल्वेनं पाऊण तासावर, आणि मी ब्रुकलिनच्या फोर्ट ग्रीनपासून सेजविकपर्यंत सगळीकडे भाविकासारखा फिरलो, पण एलिझाबेथला उतरलो नाही. फ्युरियस फाइव्हला गाणं दाखवलं तेव्हा त्यांना ते नको होतं. संथ, उदास, पार्टीला आलेल्या माणसाला त्याच्याच घरचं रडगाणं कोण ऐकवणार? सिल्व्हिया हटून बसली. शेवटी एकटा मेली मेल तयार झाला. त्यातली कडवी फ्लेचर आणि तो, असे दोघेच म्हणतात. ज्या फ्लॅशचं नाव तबकडीवर आहे त्याचा त्यात हात लागलेला नाही.

अजून एक धागा आहे, आणि तो मला समजला तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो होतो. 'द मेसेज'चं शेवटचं, सगळ्यात काळंकुट्ट कडवं, वस्तीत जन्मलेल्या पोराचं जन्मापासून मरणापर्यंतचं, ते मेली मेलनं या गाण्यासाठी लिहिलंच नव्हतं. १९७९मध्ये याच मंडळींनी दुसऱ्या कंपनीसाठी 'सुपररॅपिन' नावाची पार्टीची तबकडी केली होती, बारा मिनिटांची, नाचायची, एकमेकांच्या तोंडून ओळी पळवायची. त्याच्या मधोमध हे कडवं होतं. तीन वर्षं लोक त्यावर नाचले. ठेका संथ केला, तेव्हा तेच शब्द समीक्षकांना ऐकू आले.

कोल्हापूरकरानं 'कीर्तन' आणि 'तमाशा' हे शब्द सहज वापरले होते, पण मला त्यावरून आमच्या घरची एक आठवण आली. आजोबांना लावणी चाले, पण बैठकीची. गाणारी बसून, एकच ओळ दहा तऱ्हांनी, अदा डोळ्यांतून आणि हातांतून. फडावरची, ढोलकीवर उभ्यानं नाचायची लावणी म्हणजे त्यांच्या लेखी धांगडधिंगा. आणि राम जोशी? त्यांची लावणी आजोबांना पाठ होती. पेशवाईतला हा सोलापूरचा ब्राह्मण तमाशाच्या फडात शिरला, पुढे कीर्तनंही केली, हे ते अभिमानानं सांगत. त्या माणसानं दोन्हीकडे तेच तोंड आणि तीच यमकं वापरली असणार, हे मात्र त्यांना सुचलं नसावं. मलाही पंचविसाव्या वर्षापर्यंत सुचलं नव्हतं.

'द मेसेज'नंतर रॅपला तोलणारे लोक आले. १९८७मध्ये राकिमनं यमक ओळीच्या शेवटून उचलून ओळीच्या पोटात नेलं. तो आधी सॅक्सोफोन वाजवायचा आणि त्याचा श्वास त्यातूनच आलेला आहे. १९८८मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी 'द सोर्स' सुरू केलं. आधी एक पानी पत्रक, मग जाड गुळगुळीत मासिक. त्यात अल्बमला ताऱ्यांऐवजी माइक देत, पाचपैकी. १९९४ला नॅसच्या 'इलमॅटिक'ला पाच मिळाले, तेव्हा 'पाच माइक' हा शब्दच पदवीसारखा झाला. चार वर्षं आधी एमसी हॅमरचा अल्बम एकवीस आठवडे पहिल्या क्रमांकावर राहून कोटीच्या घरात खपला होता. 'इलमॅटिक'ला पाच लाखांचा टप्पा गाठायला दोन वर्षं लागली. दुकानातल्या चर्चेत हे आकडे दोन्ही बाजूंनी वापरता येत : बघा, लोकांना कळत नाही, किंवा बघा, लोकांना आवडत नाही.

पण या वादाचा खरा तमाशा झाला तो फ्लोरिडात, आणि न्यायालयात. मायामीचे टू लाइव्ह क्रू हे उघड अश्लील गाणारे लोक. त्यांना थोर म्हणणारं तेव्हा कुणी नव्हतं, आजही फारसं नाही. जून १९९०मध्ये एका केंद्रीय न्यायाधीशानं त्यांचा अल्बम अश्लील ठरवला. दोन दिवसांत एका दुकानदाराला तो विकला म्हणून अटक झाली आणि पुढे शिक्षाही. मग खुद्द टोळीला कार्यक्रमानंतर पकडलं. ऑक्टोबरात खटला उभा राहिला तेव्हा बचावाचा साक्षीदार म्हणून आले प्राध्यापक हेन्री लुई गेट्स, कृष्णवर्णीय साहित्याचे मोठे अभ्यासक. त्यांनी सांगितलं की ही शिवीगाळ म्हणजे अतिशयोक्ती आणि विडंबनाची जुनी मौखिक परंपरा आहे, शब्दशः घ्यायची नसते. ज्यूरीसमोर पोलिसांनी चोरून केलेली कार्यक्रमाची टेप वाजवली. ज्यूरीतल्या लोकांना इतकं हसू येऊ लागलं की त्यांनी न्यायाधीशांकडे हसण्याची परवानगी मागितली. आरोपी सुटले.

मला गेट्स यांची साक्ष वाचताना आनंद झाला होता, आणि किंचित लाजही वाटली होती, कारण प्राध्यापकानं हात ठेवल्यावरच ती गाणी मला परवानगीची वाटली. पुढच्या वर्षी कायद्याच्या प्राध्यापक किम्बर्ली क्रेनशॉ यांनी लिहिलेला लेख मात्र मी बऱ्याच उशिरा वाचला. त्यांचं म्हणणं, या गटावर कारवाई झाली त्यात वंशभेद होता हे खरंच. पण त्यांच्या बचावासाठी 'ही आमची संस्कृती' म्हणताना ज्या कृष्णवर्णीय बायकांच्या अंगावर ते विनोद केलेले आहेत त्यांना कुणी विचारलं का? उच्च की नीच, या भांडणात दोन्ही बाजूंनी बोलणारे बहुतेक पुरुषच होते. फॅट बीट्समध्येही मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असत, हे मला ते वाचल्यावर आठवलं.

त्याच टोळीनं केलेलं 'प्रिटी वुमन'चं विडंबन १९९४मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं. निकाल एकमतानं, न्यायमूर्ती सूटर यांनी लिहिलेला : विडंबन हे कॉपीराइट कायद्यातल्या रास्त वापरात बसू शकतं. निकालाला परिशिष्ट म्हणून मूळ गाणं आणि त्याची चेष्टा, दोन्ही पूर्ण छापलेली आहेत. म्हणजे अमेरिकेतल्या प्रत्येक विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात टू लाइव्ह क्रूचं काव्य चामडी बांधणीत उपलब्ध आहे. नॅसला हे भाग्य लाभलेलं नाही.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या रॅपबद्दल न्यूयॉर्कला जी नावड होती, तिचं टोक ३ ऑगस्ट १९९५ला दिसलं. 'द सोर्स'चे पुरस्कार, मॅडिसन स्क्वेअर गार्डनचं थिएटर, अटलांटाच्या आउटकास्टला नवोदित गटाचा पुरस्कार. आणि प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. २००४मध्ये ग्रॅमीचा वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरला तो त्याच आउटकास्टचा. मी तोवर डोंबिवलीला परतलो होतो. आदल्या वर्षीच जे-झीनं एका गाण्यात तालिब क्वेलीचं, म्हणजे माझ्या ब्लॅक स्टारमधल्या अर्ध्या देवाचं, नाव घेऊन कबूल केलं होतं की खप वाढावा म्हणून आपण आपलं लेखन मुद्दाम सोपं केलं. त्या कबुलीनं बॅकपॅकरांना आनंद झाला. माझा प्रश्न असा होता, की सोपं करणं ज्याला जमतं त्याला ते नक्की किती सोपं जातं?

२०१८मध्ये केंड्रिक लामारला 'डॅम' या अल्बमसाठी संगीताचं पुलित्झर मिळालं. त्याआधी ते फक्त शास्त्रीय आणि जॅझवाल्यांना मिळत आलं होतं. १९६५मध्ये परीक्षकांनी ड्यूक एलिंग्टनचा विशेष गौरव सुचवला तर मंडळानं तो नाकारला होता, आणि जॅझला आत यायला आणखी तीन दशकं लागली. पुलित्झरनंतर केंड्रिकनं काय केलं? २०२४मध्ये ड्रेकला शिव्या घालणारं 'नॉट लाइक अस' काढलं, आणि लग्नाच्या हॉलपासून सुपर बोलपर्यंत लोक त्यावर नाचले.

आपल्याकडे हा वाद आला तो तयार स्वरूपात. माझ्या कॉलेजच्या काळात बाबा सेहगल होता, आणि त्याच्यावर हसणं हे सुसंस्कृतपणाचं लक्षण होतं. २०१४ला कुर्ल्याच्या नेझीनं आयपॅडवर 'आफत' केलं, पुढच्या वर्षी डिव्हाइनसोबत 'मेरे गली में' आलं, आणि गल्लीतलं ते खरं, यो यो हनी सिंगचं ते दारूपार्टीचं, अशी वाटणी झाली. स्वदेसी या मुंबईच्या गटानं आरेच्या जंगलासाठी प्रकाश भोईर यांच्यासोबत 'द वारली रिव्हॉल्ट' केलं. त्यातल्या एमसी मवालीच्या मराठी ओळी ऐकून मी पुतण्याला म्हणालो, हे बघ, याला म्हणतात रॅप. तो म्हणाला, "काका, हे मस्तच आहे, पण हळदीला कोण लावणार?" हळदीला लावता येणं ही कसोटी त्याला माझ्या सुरक्षारक्षकानं शिकवलेली नव्हती.

फॅट बीट्सचं ते दुकान २०१०मध्ये बंद झालं. कोल्हापूरकर आता टेक्ससमध्ये असतो, दोन मुलींचा बाप. २०२३च्या उन्हाळ्यात त्यानं रात्री उशिरा एक दुवा पाठवला. वॉशिंग्टनच्या सार्वजनिक रेडिओच्या कचेरीत एका टेबलामागे छोट्या मैफली होतात, बुद्धिमंतांच्या आवडीच्या. तिथे जुव्हेनाइल होता, सोबत त्याचा जुना संगीतकार मॅनी फ्रेश, जॅझवाला जॉन बॅटिस्ट, आणि व्हायोलिन धरलेले लोक. तेच गाणं. त्याची सुरुवात तंतुवाद्यांच्या सुरांनी होते, हे मी १९९९मध्ये निदान दोनशे वेळा ऐकलं असेल आणि एकदाही ऐकलं नव्हतं. मूळ तबकडीत ते सूर कीबोर्डवरचे होते. इथे खरी वाद्यं ती चाल वाजवत होती आणि चाल चांगली होती. गाणं संपल्यावर कचेरीतल्या लोकांनी पुन्हा वाजवायला लावलं.

मी फोन केला. त्यानं उचलल्या उचलल्या विचारलं, "बसून ऐकलंस का उभ्यानं?"

"बसून," मी म्हणालो. "गुडघा दुखतोय."

"मग परत लाव," तो म्हणाला, "आणि त्या कॅमेऱ्याच्या मागं बघ. एक जण तरी बसलाय का?"